‘मुलं पळवणारी बाई’ : एक खोटा व्हिडिओ उतरवताना

ओळखीच्या माणसाचा चेहरा ‘मुलं पळवणारी टोळी’ म्हणून मोबाइलवरून फिरायला लागला तर नेमकं कुठे जायचं, हे ऑगस्ट २०२४ मध्ये मला सलग कुणीच सांगू शकलं नव्हतं. वकील मैत्रिणीला कलमं माहीत होती, सायबरचं काम पाहिलेल्या एका ओळखीच्यांना पोर्टल माहीत होतं. पण आधी काय, नंतर काय, कुठे थांबायचं आणि कुठे अजिबात थांबायचं नाही, हे आम्हाला करता करता कळत गेलं. कुणाला उपयोग होईल म्हणून सगळं क्रमाने लिहिते आहे. मावशींना विचारून लिहिते आहे. त्यांचं नाव, आमचा तालुका आणि तो व्हिडिओ समाजमाध्यमाच्या ज्या मंचावर होता त्या कंपनीचं नाव देत नाही.

मावशी जुन्या कपड्यांवर भांडी देतात. डोक्यावर पाटी, त्यात स्टीलचे डबे, पराती, प्लास्टिकचे टब. पाठीला कपड्यांचं गाठोडं. आमच्या आळीत त्या माझ्या लग्नाच्या आधीपासून येतात. कुणाकडे जरीच्या साड्या निघतात आणि कोण एका डब्यासाठी अर्धा तास घासाघीस करतं, हे त्यांना तोंडपाठ आहे. आठवड्यातले काही दिवस त्या आसपासच्या खेड्यांवर फिरतात.

ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात अशाच एका खेड्याच्या वेशीवर मोटारसायकलवरच्या दोन पोरांनी त्यांना अडवलं. आधार कार्ड मागितलं, गाठोडं सोडायला लावलं. गाठोड्यातून लहान मुलीचा फ्रॉक निघाला. जुने कपडे गोळा करणाऱ्या बाईच्या गाठोड्यात लहान मुलांचे कपडे निघणारच, पण पोरांनी तो फ्रॉक कॅमेऱ्यासमोर धरला. ‘हा कुणाचा? पोरगी कुठंय?’ मावशी गोंधळल्या, हात जोडायला लागल्या. शेतातून परतणाऱ्या एका बाईने त्यांना ओळखलं म्हणून ते तिथेच थांबलं.

२९ ऑगस्टला, गुरुवारी, हा व्हिडिओ माझ्यापर्यंत आला तेव्हा त्यावर दुहेरी बाण होता, म्हणजे तो अनेक हातांतून फिरून आला होता. दरम्यान ‘बातम्या’ देणाऱ्या एका स्थानिक पानाने त्याला भसाड्या आवाजातलं निवेदन जोडून तो एका मोठ्या मंचावर चढवला होता. पुढे आणखी एक तुकडा चिकटवला होता : दोघं मोटारसायकलवरून येतात, गल्लीत खेळणारं पोर उचलतात आणि निघून जातात.

हे वाचताना कुणाला वाटेल की एवढं काय घाबरायचं. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात राईनपाड्याला नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच जणांना जमावाने ठार मारलं. सोलापूर जिल्ह्यातून भिक्षा मागत आलेली माणसं होती ती. मुलं पळवणारे आल्याचे व्हिडिओ त्या भागात आधीपासून फिरत होते. एप्रिल २०२० मध्ये पालघरच्या गडचिंचल्याला दोन साधू आणि त्यांचा चालक अशाच अफवांच्या वातावरणात मारले गेले. मावशींना ही नावं माहीत नव्हती. मला माहीत होती, त्यामुळे त्या रात्री मला झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी मी त्यांना सांगितलं, काही दिवस खेड्यांवर जाऊ नका. त्या म्हणाल्या, ‘मग खायचं काय, ताई?’

सगळ्यात आधी आम्ही पुरावा गोळा केला. याला घाई लागते, कारण टाकणारा कधीही व्हिडिओ काढतो आणि नंतर ‘असं काही नव्हतंच’ म्हणतो. शेअरचं बटण दाबून प्रत्येक व्हिडिओची पूर्ण लिंक एका वहीत उतरवली, पानाचं नाव आणि त्याचं हँडल दोन्ही लिहिलं, तारीख-वेळ दिसेल असं स्क्रीन रेकॉर्डिंग केलं. खालच्या प्रतिक्रियांचे स्क्रीनशॉट वेगळे ठेवले. ‘दिसली की तोडा’ असं लिहिणारे त्यात होते आणि पुढे सगळ्यात जास्त वजन त्याच स्क्रीनशॉटना आलं. व्हॉट्सॲपवरचा मूळ मेसेज पुसू नका. कोर्टात जायची वेळ आली तर भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र लागतं, आणि ज्या फोनवर ते आलं तो फोन तेव्हा कामाला येतो.

व्हिडिओच्या शेपटाला जोडलेला तुकडा मी फ्रेम फ्रेम थांबवून चित्रावरून शोधला. अर्ध्या तासात उत्तर मिळालं. ती पाकिस्तानातल्या कराचीत मुलांच्या सुरक्षिततेसाठी केलेली जनजागृतीची फिल्म आहे. मूळ फिल्ममध्ये मोटारसायकलवाले परत येतात, पोराला सोडतात आणि फलक दाखवतात. तो शेवट कापून २०१८ पासून ही क्लिप भारतभर ‘टोळी’ म्हणून फिरते आहे आणि तथ्य तपासणाऱ्या संस्थांनी ती वारंवार खोटी ठरवली आहे. न्यूजचेकर आणि विश्वास न्यूज मराठीतही तपासणी प्रसिद्ध करतात. अशा जुन्या तपासणीची प्रिंट अर्जाला जोडता येते, त्यासाठी कुणाची परवानगी लागत नाही. आम्ही जोडली.

शनिवारी, ३१ तारखेला, मावशींना घेऊन पोलीस ठाण्यात गेले. ठाणे अंमलदारांनी व्हिडिओ पाहिला आणि विचारलं, ‘मारहाण झाली का?’ नाही. ‘पैसे गेले का?’ नाही. ‘मग मॅडम, हे सायबरचं. जिल्ह्याला जा.’ मावशी लगेच उठायला लागल्या. पोलीस ठाण्यातून ‘जा’ म्हटल्यावर निघायचं, एवढंच त्यांना आयुष्याने शिकवलं आहे. आम्ही बसून राहिलो. बऱ्याच वेळाने बदनामीची अदखलपात्र नोंद झाली, आपण जिला एनसी म्हणतो ती. बदनामी भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये आहे आणि ती अदखलपात्र आहे, म्हणजे दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलीस तपास करत नाहीत. एवढ्याने व्हिडिओ उतरणार नव्हता. तरीही एनसीची प्रत आणि तिचा क्रमांक मागून घ्याच, कारण पुढच्या प्रत्येक अर्जात तो लिहिता येतो आणि ‘पोलिसांत गेलात का?’ हा प्रश्न संपतो.

१९३० हा क्रमांक मुख्यतः पैशांच्या ऑनलाइन फसवणुकीसाठी आहे. आमच्यासारख्या प्रकरणासाठी राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर ‘इतर’ गटात तक्रार नोंदवता येते. तीही केली. ती फिरून आमच्याच ठाण्याकडे आली.

मंचाकडे जायचे दोन रस्ते आहेत आणि त्यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. व्हिडिओखालचं ‘रिपोर्ट’ बटण आमच्या आळीतल्या सगळ्यांनी दाबलं, काही झालं नाही. दुसरा रस्ता तक्रार अधिकाऱ्याचा. २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनुसार प्रत्येक मोठ्या मंचाला तक्रार अधिकारी नेमून त्याचा संपर्क संकेतस्थळावर द्यावाच लागतो. तेव्हा, म्हणजे २०२४ मध्ये, तक्रार पोचल्याचं २४ तासांत कळवायचं आणि एरवी १५ दिवसांत निकाल द्यायचा असं होतं. आणि २०२२ च्या दुरुस्तीनंतर नियम ३(१)(ब) मधल्या बहुतेक प्रकारच्या मजकुराबद्दल काढून टाकण्याची मागणी असेल तर ७२ तासांत. फेब्रुवारी २०२६ मध्ये निकालाच्या या मुदती आणखी कमी झाल्या. अर्जात त्या वेळी लागू असलेल्या मुदतीचा उल्लेख करावा. आणखी एक : तक्रार करणारा त्या मंचाचा ‘वापरकर्ता’च असला पाहिजे असं नाही, ‘पीडित’ही चालतो. मावशींकडे बटणांचा साधा फोन आहे. त्यांचं कुठेही खातं नाही. साध्या कागदावर त्यांचा अंगठा-सहीचा अधिकारपत्राचा मजकूर घेतला आणि त्यांच्या वतीने २ सप्टेंबरला मी तक्रार पाठवली.

त्यात खोट्या माहितीचं उपकलम पुढे होतं. पोच वेळेत आली. तिसऱ्या दिवशी उत्तर आलं : तुम्ही दाखवलेला मजकूर आमच्या समुदाय नियमांचं उल्लंघन करत नाही. खाली ना नाव, ना कारण. मावशींना ते वाचून दाखवताना माझा आवाज कापत होता. त्यांनी फक्त विचारलं, ‘म्हणजे त्यांना वाटतं मी खरंच पळवते?’

वकील मैत्रिणीने मग नियम पुन्हा वाचून काढला. खोट्या माहितीच्या उपकलमात ‘जाणूनबुजून आणि हेतुपुरस्सर’ असे शब्द आहेत. निवेदन जोडणाऱ्याला खोटं माहीत होतं हे घरी बसून कसं दाखवणार? त्याच नियमात दुसऱ्याच्या खासगीपणावर आक्रमण करणाऱ्या मजकुराचंही उपकलम आहे. तिथे हेतू सिद्ध करावा लागत नाही. एका बाईला रस्त्यात अडवून, तिच्या नकाराला न जुमानता, तिचं गाठोडं आणि आधार कार्ड कॅमेऱ्यात घेतलं आहे. कार्डावरचे काही अंक वाचता येत होते. अपिलात आम्ही हा मुद्दा पहिला ठेवला, कराचीचा तुकडा दुसरा आणि ‘तोडा’ म्हणणाऱ्या प्रतिक्रिया तिसऱ्या.

अपील करायचं ते केंद्र सरकारच्या तक्रार अपिलीय समितीकडे. तिला सगळे जीएसी म्हणतात. २०२२ च्या दुरुस्तीने ती आली, जानेवारी २०२३ मध्ये अशा तीन समित्या स्थापन झाल्या आणि १ मार्च २०२३ पासून पोर्टल सुरू आहे. मंचाच्या तक्रार अधिकाऱ्याचं उत्तर मिळाल्यापासून ३० दिवसांत अपील करावं लागतं आणि समितीने ३० दिवसांत निकाल द्यायचा प्रयत्न करावा असं नियमच म्हणतो. सगळं ऑनलाइन, दिल्लीला जावं लागत नाही. आमच्याकडून शुल्क घेतलं गेलं नाही. गणपती ७ सप्टेंबरला बसले, गौरी-गणपतीच्या गडबडीतच रात्री बसून अर्ज तयार केला आणि ११ तारखेला टाकला. अर्ज इंग्रजीत लिहिला. व्हिडिओतलं मराठी बोलणं शब्दशः उतरवून, शेजारी भाषांतर देऊन जोडलं. हे जरूर करा. पडद्यापलीकडे बसलेल्या माणसाला मराठी येत असेल असं गृहीत धरून चालत नाही आणि मराठीतल्या धमकीची धार भाषांतराशिवाय पोचत नाही.

मंचाच्या मागे लागलो असताना मावशींचा रस्ता मात्र बंदच होता. खरं काम तिथे होतं.

सर्वोच्च न्यायालयाने १७ जुलै २०१८ ला, तहसीन पूनावाला यांच्या याचिकेवर, जमावाच्या हिंसेबद्दल निकाल दिला आहे. प्रत्येक जिल्ह्यात पोलीस अधीक्षकांपेक्षा कमी नसलेल्या दर्जाचा समन्वय अधिकारी हवा आणि हिंसा भडकवू शकणारे संदेश व व्हिडिओ पसरण्याला आळा घातला गेला पाहिजे, असं त्यात आहे. ३ सप्टेंबरलाच आम्ही अधीक्षक कार्यालयात अर्ज दिला होता. त्यात गुन्हा नोंदवा असं म्हटलं नाही. मावशी ज्या गावांवर फिरतात त्यांची यादी दिली आणि त्या गावांच्या पोलीस पाटलांना खरी हकिगत कळवावी एवढंच मागितलं. आवक शिक्का मारलेली पोच घेतली. मागणी जितकी लहान आणि करण्याजोगी, तितकी ती लवकर हलते असा माझा अनुभव आहे.

तरी बंदोबस्तामुळे अनंत चतुर्दशीपर्यंत, म्हणजे १७ सप्टेंबरपर्यंत, कुणाला वेळ नव्हता. मधल्या काळात आम्ही व्हॉट्सॲपचं पाहिलं. तिथे तक्रार करून सगळ्यांच्या फोनमधून काही काढता येत नाही. संदेश दोन टोकांमध्ये बंद असतात, कंपनीलाही ते दिसत नाहीत. २०१८ च्या हत्यांनंतर भारतात एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करण्याची मर्यादा आली आणि २०२० मध्ये फार फिरलेला संदेश एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येईल असं झालं. त्याने वेग कमी होतो, पसरायचं थांबत नाही. मात्र ग्रुपचा ॲडमिन दुसऱ्याचा संदेशही सगळ्यांसाठी पुसू शकतो. आमचं काम मग गावोगावचे ॲडमिन शोधणं झालं : दूध डेअरी, भिशी, शाळेच्या पालकांचे ग्रुप, मंडळांचे ग्रुप. काही ॲडमिन घाबरलेले होते, आपल्यावरच केस होईल म्हणून. त्यांना मी सांगायचे की सदस्याने काही टाकलं म्हणून केवळ ॲडमिन असल्यामुळे तुम्ही गुन्हेगार ठरत नाही, मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्येच तसं म्हटलं आहे. भीती गेली की माणसं मदत करतात. एका मंडळाच्या पोराने तर माझ्या मजकुराऐवजी स्वतःच्या आवाजात निरोप टाकला : ‘ही बाई आमच्या आजीपासून भांडी देते. कुणी अडवलं तर मला फोन करा.’ माझ्या तीन परिच्छेदांपेक्षा तो निरोप जास्त गावांत पोचला.

२० सप्टेंबरला, आमचं अपील पडून असताना, मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल आला. केंद्र सरकारच्या तथ्य तपासणी कक्षाला अधिकार देणारी २०२३ ची दुरुस्ती न्यायमूर्ती अतुल चांदूरकर यांनी घटनाबाह्य ठरवली. जानेवारीत दोन न्यायमूर्तींची मतं वेगळी पडली होती, म्हणून प्रकरण तिसऱ्यांकडे गेलं होतं. आमच्या ग्रुपवर लोक हळहळले, आता खोट्याला मोकळं रान म्हणाले. मी तो निकाल नीट वाचला. तो कक्ष केंद्र सरकारच्या कारभाराबद्दलच्या माहितीपुरताच होता. मावशींचा फ्रॉक त्याच्या हद्दीत कधीच येणार नव्हता. या दोन महिन्यांत मला एकदाही असं वाटलं नाही की खरं काय ते सरकारी खात्याने ठरवावं. खरं काय ते आम्हाला माहीत होतं, पुराव्यासह. जीव धोक्यात असलेली बाई पुरावा घेऊन आली तर तिचा कागद एखाद्या माणसाने वाचावा, कारण देऊन उत्तर द्यावं आणि मुदतीत द्यावं, एवढाच कायदा तिला हवा आहे. तो नियमांत बराचसा लिहिलेला आहे. तो कागदावरून मंचाच्या तक्रार खिडकीपर्यंत आणणं, यालाच मी समाजमाध्यमांवरचं खरं नियमन समजते.

विसर्जनानंतरच्या आठवड्यात ठाण्यातून फोन आला. एका तरुण उपनिरीक्षकांनी अधीक्षक कार्यालयातून आलेला अर्ज वाचला होता. त्यांनी मावशींना खुर्ची दिली, चहा सांगितला आणि यादीतल्या पोलीस पाटलांना समोरच फोन लावले. दोन्ही पोरांना आई-वडिलांसह बोलावलं. एक तर जेमतेम सतरा वर्षांचा. मावशींना विचारलं, पुढे जायचं का? त्या म्हणाल्या, ‘पोरांचं वाटोळं नको. माझी वाट मोकळी करून द्या.’ मला स्वतःला वाटत होतं की निदान त्या निवेदन जोडणाऱ्या पानाच्या चालकावर तरी कारवाई व्हावी, अजूनही वाटतं. पण निर्णय त्यांचा होता. मदत करणाऱ्याने हे स्वतःला बजावत राहावं लागतं.

पोलीस पाटलांनी आपापल्या गावच्या ग्रुपवर फोटोशिवाय निरोप टाकला. फोटोशिवाय, हे महत्त्वाचं. ‘ही बाई निर्दोष आहे’ म्हणून तोच व्हिडिओ पुन्हा टाकला की अर्धे लोक वरची ओळ न वाचता पुढे पाठवतात.

४ ऑक्टोबरला, नवरात्रात, मंचाचा ईमेल आला. अपिलाची सूचना मिळाल्यावर त्यांनी प्रकरण पुन्हा पाहिलं होतं आणि खासगीपणाच्या मुद्द्यावर व्हिडिओ काढला होता. खोटेपणाबद्दल एक शब्द नव्हता. चारच दिवसांत समितीचा आदेशही आला, मंचाने कारवाई केल्याची नोंद करून अपील निकाली. मला अपुरं वाटलं. मावशींना मी फोनवर लिंक उघडून दाखवली, तिथे रिकामी चौकट होती. त्यांनी दोनदा उघडून बघायला लावलं.

आदेश त्या एका लिंकपुरता असतो, हे लक्षात ठेवा. इतर पानांनी उचललेल्या प्रतींसाठी पुन्हा तक्रार अधिकाऱ्याकडे जावं लागलं, मात्र या वेळी समितीच्या आदेशाची प्रत जोडून. त्या बहुतेक ७२ तासांच्या आत उतरल्या. एक प्रत हे लिहितानाही आहे, तिचं अपील चालू आहे.

खर्चाचं सांगायचं तर प्रिंट, झेरॉक्स, पोलिसांना द्यायचा पेनड्राइव्ह, जिल्ह्याला जायचं एसटीचं भाडं; बायकांना अर्धं तिकीट आहे, त्यामुळे तेही थोडंच. सगळं मिळून दीड हजारांच्या आत. वकील मैत्रिणीने पैसे घेतले नाहीत. खरा खर्च मावशींचा. सप्टेंबर पूर्ण बुडाला, आणि दिवाळीच्या आधी घरोघरी कपाटं आवरली जातात तो त्यांच्या धंद्याचा सगळ्यात मोठा काळ. भांड्यांच्या दुकानदाराची उधारी होती. ही भरपाई मागायची कुठे, याला आत्ताच्या नियमांत जागा सापडली नाही. दिवाणी दावा करता येतो, पण हातावर पोट असलेली बाई किती वर्षं तारखांना जाणार? नियमांत पुढची दुरुस्ती कधी होईल तेव्हा कुणीतरी हे मांडावं असं मला फार वाटतं.

घटस्थापनेनंतर त्या पुन्हा खेड्यांवर जायला लागल्या. सुरुवातीला सून सोबत जायची. ज्या वेशीवर अडवलं होतं तिथे त्या अजून जात नाहीत, आणि मी आग्रह करत नाही.

तक्रार अधिकाऱ्याला पाठवायचा अर्ज, अधिकारपत्र आणि अधीक्षकांना दिलेला अर्ज, तिन्हींतली नावं काढून कोरे नमुने करून ठेवले आहेत. अधिकारपत्र आणि अधीक्षकांचा अर्ज मराठीत आहेत, पहिला दोन्ही भाषांत. ज्यांना हवे असतील त्यांनी मागावेत, त्याच दिवशी पाठवेन. रात्रीचे किती वाजले आहेत ते बघू नका.